कशाच्या पावलानं आली?

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर पिवळी सोनकी पसरलेली, मधूनमधून जांभळा तेरडा आणि वरून उतरणारं धुकं. खाली दोनच शब्द, ‘सीझन आला’. त्याखाली पंधरा-वीस जणांच्या टाळ्या. मी टाळी दिली नाही. फोन पालथा घातला आणि विश्रामबागेतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात चहा गार होईपर्यंत नुसती बसून राहिले.

भाद्रपदाचा मला राग येतो. असं एकदा सरळ लिहून टाकलं की बरं वाटतं. पूर्वी येत नव्हता. पूर्वी भाद्रपद म्हणजे मावशीचं गाव होतं, कोयनानगरच्या वर घाटात, चार वळणं गेल्यावर. आता तो आमचा पीक सीझन आहे. एकदा तासगावला बाबांशी बोलताना हे शब्द माझ्या तोंडून गेले. बाबा द्राक्षबागेत कात्री घेऊन उभे होते. ते म्हणाले, “कसलं पीक काढता गं तुमी?” मी हसून म्हटलं, माणसांचं. ते हसले नाहीत. “मग छाटणी बी करत आसाल,” एवढंच म्हणाले आणि वेलीकडं वळले.

आमच्या कंपनीचा धंदा सांगायला सोपा आहे. फिरायला येणाऱ्यांना चार-दोन दिवसांसाठी कुणाच्या तरी घरातली खोली फोनवरून मिळवून द्यायची. घर तिसऱ्याचं, फिरणारा चौथाच, मधला फोन तेवढा आमचा. मी या कामाला लागले तेव्हा पुण्याहून आमचे साहेब आले होते. माझ्याहून लहान, फार हुशार आणि कधीही आवाज न चढवणारे. त्यांनी फळ्यावर एक बाण काढला, खालून वर जाणारा. फुलांच्या आधी डोंगरातली चाळीस घरं पाहिजेत, म्हणाले. आदल्या महिन्यात सर्वेला पाठवलेली मुलं हात हलवत परत आली होती. कुणी दारात उभं केलं नव्हतं. “लोकांना उत्पन्न नको आहे का?” साहेबांनी खरोखरच्या कुतूहलानं विचारलं.

मग मी बोलले. तिथं गप्प बसले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. मी म्हटलं, “सर, तुमची मुलं दारात गेल्या गेल्या स्वतःच प्रश्न विचारतात. आमच्याकडं आधी घरचं माणूस विचारतं, पावणं कुठलं? त्याला उत्तर द्यायचं. मग ते विचारतं, तिथं कुणाचं? त्याचंही उत्तर द्यायचं. तिसऱ्या प्रश्नाला कुणाची तरी चुलती, कुणाची तरी आतेबहीण निघतेच. ती निघाली की चहा येतो. चहा आला की घर आपलं.” साहेब फळ्याकडं वळले. मग त्यांनी बाणाच्या शेजारी लिहिलं, ‘पावणं मॉडेल’. आणि विचारलं, “तुमचं स्वतःचं कोण आहे तिकडं?”

माझं तिकडं होतं कोण? आई मी कॉलेजात असताना गेली. बाबांचं घर हे बाबांचं घर राहिलं, तिथं द्राक्षं होती, ट्रॅक्टर होता, पण दारात उभं राहून वाट बघणारं कुणी नव्हतं. माहेर म्हणतात ते हळूहळू मावशीकडं सरकलं. लग्नानंतर मी गौरीला जायची ती तिच्याकडंच. कऱ्हाडपर्यंत एक यष्टी, पाटणपर्यंत दुसरी, पुढं मिळेल ते. त्या भागात मुखवट्यांची गौर नसते, तेरड्याची असते. ओढ्याकाठचा तेरडा मुळासकट उपटून आणायचा, त्यालाच हळदीकुंकू वाहायचं. वहिनीनं, म्हणजे मावशीच्या सुनेनं, ती गौर हातात धरून उंबऱ्यावर यायचं. आतून मावशीनं विचारायचं, “गौर आली, कशाच्या पावलानं आली?” वहिनीनं म्हणायचं, “सोन्याच्या पावलानं आली.” मग रांगोळीच्या पावलांवरून एकेक खोली. चुलीपाशी, “कशाच्या पावलानं आली?” “अन्नाच्या पावलानं आली.” गोठ्यात, दुधाच्या. कणगीपाशी, धान्याच्या. घरातला कोपरा न् कोपरा गौरीला दाखवायचा. एकही सोडायचा नाही.

गौरीच्या आधी उंबऱ्यावर यायची ती मी. पाठीवर पिशवी, पोटात घाटातली वळणं. मावशी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायची आणि चेहरा अगदी गंभीर ठेवून विचारायची, “आमची बाय आली, कशाच्या पावलानं आली?” लहानपणी एकदा मी वैतागून म्हटलं होतं, “यष्टीच्या पावलानं आली, आन वकारी येतीया.” तेव्हापासून ते ठरूनच गेलं. पुढं माझी स्वतःची गाडी आली तरी उत्तर यष्टीचंच राहिलं. ती विचारायची, मी सांगायची, आणि मग कुठं चप्पल निघायची.

हे घर मी कंपनीच्या यादीत पहिलं घातलं.

मावशीनं फार प्रश्न केले नाहीत. काका मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेले, त्यांना नवीन काही सुरू होतंय याचंच बरं वाटलं. माजघराशेजारची खोली रिकामी करायची ठरली. तिथं काकांची काळी पत्र्याची पेटी होती, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. ती गोठ्यात गेली. भिंतीवरचे आईचे आणि आजोबांचे फोटो मी स्वतः उतरवले, कारण अनोळखी मेलेली माणसं बघत बघत झोपायला गिऱ्हाइकांना आवडत नाही, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. पांढऱ्या चादरी आल्या. खोलीला आतून कडी बसवली. त्या घरात तोवर एकाही खोलीला आतून कडी नव्हती. मावशी त्या कडीकडं बघत म्हणाली, “आतनं कडी लावून माणूस काय करतंय गं?” मी म्हटलं, “प्रायव्हसी.” ती “बरं” म्हणाली.

त्या वर्षी फुलं लवकर आली आणि माणसंही. मावशी त्यांना पाहुणे समजली. यात तिची चूक म्हणावी तर ती आमच्याकडं सगळ्यांचीच होईल, कारण घरात येऊन झोपणाऱ्या माणसाला दुसरा शब्दच आमच्याकडं नाही. ती त्यांना विचारायची, कुठलं गाव, कुणाचं, जेवलासा का, डब्यात काय आणलंय, आईबाप हायत का. न सांगता चहा घेऊन आत जायची. एकदा जमीन जराशी हलली. फळीवरची भांडी वाजली आणि थांबली. कोयनेच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण एक जोडपं पहाटे अंथरुणासकट अंगणात येऊन उभं राहिलं. काका त्यांना समजावत होते, “एवढ्याला आमी भूकंप म्हणत न्हाई वो.” त्यांनी लिहिलं, भूकंप होतो हे घरमालकांनी आधी कळवायला हवं होतं. त्याला दोन तारे. ऑफिसात आम्ही पोट धरून हसलो. मीही हसले.

गौरीच्या दिवशी मी तिथं होते, पण गौरीसाठी नव्हते. मी व्हिडिओ काढायला गेले होते. पाहुण्यांच्या घरची गौर, असं काहीतरी दाखवून पुढच्या वर्षीची गिऱ्हाइकं ओढायची होती. मावशीनं आठ दिवस आधी फोन केला होता, “त्या तीन दिसात खोली कुणाला देऊ नगं बाय, गौर फिरती घरातनं.” मी म्हटलं, मावशी, हेच तर तीन दिवस मागणीचे. पीक सीझनमध्ये कॅलेंडर बंद केलं की घर यादीत खाली जातं. ती पुन्हा “बरं” म्हणाली. मावशीचं “बरं” ऐकून कधीतरी थांबायला हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पुण्याचे दोघे नवराबायको त्याच दिवशी सकाळी उशिरा आले होते, दुपारी सड्यावर जाऊन आले आणि कडी लावून झोपले. त्यांच्या बॅगेच्या चाकांनी रांगोळीची पावलं फरफटली होती, ती वहिनीनं पुन्हा काढली. दिवेलागणीला गौर आली. मी मोबाइल धरून मागं मागं. चूल झाली, कणगी झाली, गोठा झाला. माजघरातून वहिनी त्या खोलीकडं वळली आणि बंद दारासमोर थांबली. हातात तेरडा, डोक्यावर पदर. सवयीनं मावशीच्या तोंडून निघून गेलं, “गौर आली, कशाच्या...” आणि ती थांबली. दाराकडं बघितलं. मग वहिनीला हळूच म्हणाली, “हितं नगं. हितं कस्टमर हायत.” आणि गौर पुढं गेली.

तो व्हिडिओ फार चालला. दाराचा भाग मीच कापला.

दुसऱ्या दिवशी निघताना मावशीनं त्या बाईची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खणाचा तुकडा. भरता भरता विचारलं, “लगीन होऊन किती वर्सं झाली? लेकरं न्हाईत व्हय अजून?” बाई ओटी घेऊन बॅग आणायला आत गेली. गाडी गेल्यावर वहिनी खोली आवरायला गेली तर नारळ आणि खण खिडकीत तसेच ठेवलेले, तांदूळ कचऱ्याच्या डब्यात. संध्याकाळी अभिप्राय आला. काकू प्रेमळ आहेत, पण फार खाजगी प्रश्न विचारतात, माणसाला निवांतपणा मिळत नाही. तीन तारे. मी त्या बाईला दोष देत नाही. तिचं दुखणं तिला माहीत, आणि त्या प्रश्नानं ते दुखलं असणार. पण खिडकीतला तो नारळ मावशीनं कुणाला फोडू दिला नाही. तो कितीतरी दिवस देव्हाऱ्याखाली पडून होता.

मग मी नियम लिहिले. साहेबांनी सांगितलं होतं, सगळ्या घरांना एकच कागद द्या, सोप्या भाषेत, तुम्हालाच जमेल. मला जमलं. मोठ्या अक्षरात, वर प्लॅस्टिक चढवून. पाहुण्यांना चावी द्यावी. पाण्याची बंद बाटली द्यावी. वायफायचा पासवर्ड सांगावा. हसावं. कोणताही प्रश्न विचारू नये. बोलावल्याशिवाय दार वाजवू नये. मावशी चौथी शिकलेली, तिनं बोट ठेवून ठेवून वाचलं.

“जेवलासा का, ह्ये बी न्हाई इचारायचं?”

“नाही. पाहिजे असेल तर ते फोनवर मागवतात.”

“आन उपाशी आसलं तर?”

“तर सांगतील.”

“उपाशी माणूस आपनहून सांगतंय व्हय गं, मी उपाशी हाय म्हणून?” ती म्हणाली. मी उरलेले कागद गोळा केले. मला अजून सहा घरी कागद वाटायचे होते. काका म्हणाले, “हुकूम म्हंजे हुकूम. उद्यापासनं कुणी कायबी इचारायचं न्हाई.” आणि त्यांनी तो कागद ज्या खिळ्यावर आईचा फोटो होता, त्याच खिळ्यावर लावला.

प्रश्न गिळायला मावशीला किती त्रास झाला, हे मला वहिनीनं नंतर सांगितलं. गिऱ्हाईक दारात आलं की तिचे ओठ हलायचे आणि मग ती पदर तोंडावर धरून आत निघून जायची. चुलीपाशी बसून म्हणायची, “त्या पोराचं त्वांड सुकलंया, इचार की गं तू तरी.” वहिनी कागदाची आठवण करून द्यायची. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती शिकली. चावी, बाटली, पासवर्ड, हसू. पाच तारे यायला लागले. ‘घरमालकांचा अजिबात त्रास नाही’, कुणीतरी लिहिलं. हा अभिप्राय मी पुण्याच्या बैठकीत पडद्यावर दाखवला आणि त्या वर्षी मला बढती मिळाली. आमच्याकडं म्हण आहे, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. ती लहानपणी पाठ केली होती तेव्हा दांडा दुसरा कुणीतरी असतो असं वाटायचं.

बाबांच्या बागेत घड धरले की विरळणी करतात. कात्रीनं घडातले निम्मे मणी काढून टाकतात, म्हणजे उरलेले फुगतात. गळालेल्या हिरव्या मण्यांचा वेलीखाली सडा पडलेला असतो. त्यांच्यात वाईट काही नसतं, ते फक्त जास्त असतात. कंपनीचंही तसंच निघालं. डोंगर माहीत झाला, रस्ते माहीत झाले, लोकांना तिथं यायची सवय लागली. मग उतारावर पांढरे बंगले आले, पोहण्याच्या तलावाचे, ज्यांचे मालक तिथं राहतच नाहीत. साहेबांनी फळ्यावर नवीन बाण काढला आणि म्हणाले, गिऱ्हाइकाला आता पूर्ण घर पाहिजे, होस्ट नसलेलं घर जास्त वेगानं वाढतं. आधी आम्ही माणसांचे प्रश्न काढून घेतले होते. मग माणसंच काढली. पाच तारे असूनही मावशीचं घर यादीत खाली, आणखी खाली आणि शेवटी दिसेनासं झालं. तिला कुणी कळवलं नाही. ते कळवायचं काम माझं होतं.

यंदा मी गेले. सुट्टी टाकून, व्हिडिओशिवाय, गौरी येण्याच्या दिवशीच. ग्रुपवरचा तो सोनकीचा फोटो बघितल्यापासून डोक्यात तेच चाललं होतं. खोली आता मोकळी आहे, गौर सगळीकडं फिरेल, मी मागं मागं चालेन, आणि काय झालं ते मावशीला एकदाचं सांगेन, माफीही मागेन. गाडी घरी ठेवली आणि मुद्दाम यष्टीनं गेले. पाटणच्या पुढं वळणांवर मळमळलं तेव्हा बरं वाटलं. उत्तर खोटं ठरणार नव्हतं.

दुपार कलली होती. अंगणात काका खुर्चीत डुलकी घेत होते. मी उंबऱ्याबाहेर थांबले; रांगोळीची पावलं काढून झालेली होती. मावशी आतून आली. थकली आहे, पण चालण्यात तीच घाई. मला बघून हसली. मी चप्पल काढली नाही, वाट बघत राहिले. ती वळून आत गेली आणि परत आली ती चावी घेऊन. लाकडी तुकडा लावलेली चावी, आणि पाण्याची बंद बाटली. दोन्ही माझ्या हातात दिलं. “खोली साफ हाय,” म्हणाली, “पासवर्ड जुनाच हाय.” आणि पुन्हा हसली.

मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. राग शोधला. सापडला असता तर मी तिच्या पायाच पडले असते. पण तिथं काही नव्हतं, नुसती सवय होती. दारात पिशवी घेऊन माणूस उभं राहिलं की आता तिच्या हातून हेच होतं. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. तेही तिनं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. चप्पल काढून मी खोलीत गेले. खिळ्यावर प्लॅस्टिकमधला माझा कागद होता, कडेनं पिवळा पडलेला. पलंगावर टेकले आणि यष्टीच्या शिणानं डोळा कधी लागला कळलं नाही.

जाग आली ती आवाजानं. “गौर आली, कशाच्या पावलानं आली?” मावशी आणि वहिनी चुलीपाशी होत्या. “अन्नाच्या पावलानं आली.” मग कणगी. मग गोठा. मी उठून बसले. बांगड्यांचा आवाज माजघरात आला, जवळ आला. मी दारापाशी गेले, कडीला हात लावला. आतून कडी मी कधी लावली होती? मला आठवेना. बाहेर पावलं थांबली. पलीकडून तेरड्याचा ओला वास येत होता. मी कडीवरचा हात तसाच ठेवला. आता विचारेल, म्हटलं. तिनं विचारलं असतं तर दारामागूनच सांगितलं असतं.

“चल गं फुडं,” मावशी वहिनीला हळू आवाजात म्हणाली, “दार वाजवू नगं.”

मी कडी काढेपर्यंत बांगड्या पुढच्या सोप्यात पोचल्या होत्या. दार उघडून खाली बघितलं. रांगोळीची पावलं माजघरातून सरळ माझ्या उंबऱ्यापर्यंत आली होती आणि तिथून सोप्याकडं वळली होती. नीट, एकही न फरफटता. ती रांगोळी मी यायच्या आधी, खोली रिकामी असताना, सकाळीच काढलेली होती.